बारा गुण आणि एक घोडा

स्वयंपाकघरातल्या खणात, जुन्या किल्ल्या आणि रबरबँडांच्या खाली, मी कागदांची एक चळत जपून ठेवली आहे. दर वर्षाचा एक कागद. डावीकडे देशांची नावं, उजवीकडे पेन्सिलीनं दिलेले गुण, कुठे चहाचा डाग, कुठे लेकीनं लहानपणी काढलेला मुकुट. सगळ्यांत खालचा कागद २० मे २००६ चा आहे. त्यावरचं अक्षर आमच्या तेव्हाच्या घरमालकीणबाईंचं. लेक पुढे त्यांना ‘खालच्या आजी’ म्हणायला लागली, म्हणून इथेही तेच म्हणते.

आम्हाला डब्लिनला येऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. वरच्या दोन खोल्यांत आम्ही, खाली त्या एकट्या. शनिवारी दुपारी त्यांनी जिन्यातून हाक मारली, “संध्याकाळी काही नसेल तर खाली या, आज युरोव्हिजन आहे.” युरोपातल्या देशांच्या या गायनस्पर्धेचं नाव मी आब्बा या स्वीडिश बँडमुळे कधीतरी ऐकलं होतं, त्यापलीकडे काही माहीत नव्हतं. आम्ही खाली गेलो तर टेबलावर सँडविच, चहाची किटली, तीन कागद आणि टोक काढून ठेवलेल्या तीन पेन्सिली. परीक्षेला बसवावं तसं त्यांनी आम्हाला बसवलं आणि नियम सांगितले. प्रत्येक देशाचं एक गाणं, तीन मिनिटांच्या आत. स्टेजवर सहापेक्षा जास्त माणसं चालत नाहीत. सगळ्यांत आवडलेल्या गाण्याला बारा, दुसऱ्याला दहा, तिसऱ्याला आठ, मग तिथून एकेक खाली. “आणि आपल्या देशाला मत देता येत नाही,” हे त्यांनी बोट वर करून सांगितलं.

त्या रात्री अथेन्सच्या स्टेजवर फिनलंडकडून लॉर्डी नावाचा बँड आला. राक्षसांचे मुखवटे, पाठीला पंख, हातात लांबलचक नखं, मागे आगीचे फवारे. मला वाटलं, आता या बाई टीव्ही बंद करतील. त्यांनी कप खाली ठेवला, शांतपणे गाणं पूर्ण ऐकलं आणि फिनलंडपुढे बारा लिहिले. फिनलंड १९६१ पासून या स्पर्धेत येत होता आणि एकदाही जिंकला नव्हता. त्या रात्री २९२ गुण घेऊन जिंकला. खालच्या आजींच्या डोळ्यांत पाणी होतं. मी विचारलं, “ही स्पर्धा खरी आहे की गंमत आहे?” त्या म्हणाल्या, “दोन्ही. उद्या ये, तुला एक गोष्ट दाखवते. ती पाहिल्याशिवाय हे कळायचं नाही.”

ती गोष्ट म्हणजे ‘फादर टेड’ या मालिकेचा एक भाग होता. गेल्या वीस वर्षांत मी तो किती वेळा पाहिला, मोजलेलं नाही.

आधी स्पर्धेबद्दल थोडं. १९५६ साली स्वित्झर्लंडमधल्या लुगानो गावी सात देश जमले आणि हे सुरू झालं. युरोपातल्या सरकारी नभोवाणी आणि दूरचित्रवाणी संस्थांचा एक संघ आहे, त्यांना एकाच वेळी अनेक देशांत थेट प्रक्षेपण करून पाहायचं होतं. इटलीतली सान रेमोची गाण्यांची स्पर्धा समोर होती, तिच्यावरून हे बेतलं. पहिल्या वर्षी यजमान स्वित्झर्लंडच जिंकला. पुढे देश वाढत गेले, झगमगाट वाढत गेला. १९६९ ला चार देशांना सारखेच गुण पडले आणि बरोबरी सोडवायचा नियमच नव्हता, म्हणून चौघंही विजेते. १९७४ ला ब्रायटनमध्ये आब्बाच्या ‘वॉटर्लू’ या गाण्याला वाद्यवृंदाचा संचालक नेपोलियनचा वेश करून आला. हे सगळं अगदी गंभीर चेहऱ्यानं, दर वर्षी, थेट प्रक्षेपणात. विनोदी लेखकांना असं काही समोर दिसल्यावर हात शिवशिवणारच. १९७० मध्येच मॉन्टी पायथनच्या मंडळींनी बीबीसीवर पोलिसांची अशीच एक युरोपीय गायनस्पर्धा रंगवली, आणि तिच्यात मोनॅकोचा एक इन्स्पेक्टर ‘बिंग टिडल टिडल बाँग’ असं निरर्थक गाणं म्हणतो. पाच वर्षांनी खऱ्या स्पर्धेत नेदरलँड्स जिंकला, तो ‘डिंग-अ-डाँग’ म्हणून.

आता घोड्याकडे येते.

‘फादर टेड’ ही ब्रिटनच्या चॅनल फोरवरची मालिका, १९९५ ते १९९८. लिहिणारे आयरिश, नट आयरिश. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या एका काल्पनिक बेटावर तीन कॅथलिक पाद्री राहतात आणि त्यांना सारखा चहा पाजणारी एक बाई असते. टेडला मोठं व्हायचंय, डूगल लहान मुलासारखा भाबडा, आणि तिसरे म्हातारे जॅक. ५ एप्रिल १९९६ ला दाखवलेल्या भागात टेड आणि डूगल ठरवतात, की युरोपच्या गायनस्पर्धेसाठी आयर्लंडचं गाणं आपण लिहायचं. गाणं कशावर? घोड्यावर. माझ्या गोड घोड्या, अशा अर्थाचं. रात्रभर सिगरेटी फुंकत, गिटार घेऊन ते बसतात, आणि पहाटे जे तयार होतं ते सगळंच्या सगळं एका सुरात असतं. एकाच. शेजारच्या बेटावरचा टेडचा प्रतिस्पर्धी पाद्रीही गाणं पाठवणार असतो, म्हणून टेड इरेला पेटतो. मग डूगलला एका जुन्या नॉर्वेजियन तबकडीची मागची बाजू सापडते. ते गाणं कुणाला आठवत नाही, आणि त्याच्याशी संबंधित सगळी मंडळी विमान अपघातात गेलेली. चाल उचलायला आता कुणाची आडकाठी नाही.

आणि मग स्वप्नात असावं तसं ते गाणं पडद्यावर येतं. चकचकीत जाकिटं घातलेले दोन पाद्री, हिरवं कुरण, वाऱ्यावर उडणारी आयाळ, घोड्याला दिलेला लाडका खाऊ. इथे पहिल्यांदा हसता हसता माझं हसू मधेच थांबलं, कारण चाल सुंदर होती. ती बांधली होती नील हॅनन यानं, ‘द डिव्हाइन कॉमेडी’ या बँडचा गायक-संगीतकार. गाण्यातला आवाजही त्याचाच. चढणारा अंतरा, मधे सॅक्सोफोन, शेवटाकडे सूर वर नेण्याची ती युरोव्हिजनची खास युक्ती, सगळं जिथल्या तिथे. हे गाणं खरोखरच्या स्पर्धेत उभं केलं असतं तर त्याला गुण पडले असते, असं खालच्या आजींचं ठाम मत होतं आणि माझंही आहे.

पुढे गोष्टीत काय होतं, तर निवडफेरीच्या दिवशी लिफ्टमध्ये हळू आवाजात संगीत लागलेलं असतं आणि ती नेमकी हीच चाल असते. चोरी पकडली जाणार! घाबरून दोघं स्टेजवर आपलं मूळचं, एका सुरातलं गाणं म्हणतात. प्रेक्षक सुन्न. आणि तरी तेच जिंकतात, कारण आयर्लंडच्या दूरचित्रवाणीला या वर्षी स्पर्धा जिंकायचीच नसते. जिंकणाऱ्या देशावर पुढच्या वर्षी यजमानपदाचा खर्च पडतो, तो आता त्यांना झेपत नाही. मुख्य स्पर्धेत घोड्याला शून्य गुण मिळतात. एकामागून एक देश शून्य देत जातात आणि टेडचा चेहरा पडत जातो.

आयर्लंडमध्ये न राहिलेल्या माणसाला हे अतिशयोक्तीचं वाटेल. पण आयर्लंड खरोखर १९९२, १९९३ आणि १९९४ असा सलग तीनदा जिंकला होता आणि पुढची तीनही वर्षं यजमानपद त्याच्याकडेच आलं. त्यातली १९९३ ची स्पर्धा मिलस्ट्रीटला झाली. कॉर्क परगण्यातलं हे गाव, वस्ती जेमतेम दीड हजार, आणि स्पर्धा भरली ती तिथल्या घोड्यांच्या कसरतींसाठी बांधलेल्या बंदिस्त मैदानात. घोडा असा खरोखरीच या गोष्टीच्या पोटात होता. देशभर लोक एकमेकांना म्हणत होते, की आता आपले लोक मुद्दाम हरणारं गाणं पाठवतील. लेखकांनी ती कुजबुज उचलली आणि तिची गोष्ट केली. आणि मग काय व्हावं? भाग दाखवल्यानंतर सहा आठवड्यांनी, १८ मे १९९६ ला ओस्लोमध्ये आयर्लंड पुन्हा जिंकला. एमर क्विन नावाच्या मुलीनं गायलेलं ते गाणं संथ, गूढ, पारंपरिक आयरिश वळणाचं होतं. पाच वर्षांत चौथा विजय. त्यानंतर आजपर्यंत एकही नाही. खालच्या आजी हे सांगताना दर वेळी छातीवर क्रूस करतात.

मला या भागात काय सापडलं, ते सांगायला थोडं आपल्याकडे यावं लागेल. मराठीत आपल्याकडे शब्द किती आहेत पाहा: थट्टा, चेष्टा, मस्करी, टिंगल, टवाळी, खिल्ली, टर. कोश त्यांना एकमेकांपुढे लिहून मोकळा होतो, पण तोंडात घेतल्यावर त्यांची चव वेगळी लागते. दिराची थट्टा करतात, टिंगल नाही. लग्नात विहिणीच्या पंगतीला बायका गाण्यातून तिची थट्टा करायच्या, पण त्याच वेळी तिच्या पानात आग्रहानं जिलबीही वाढत असायच्या. टवाळी करायला मात्र काहीच वाढावं लागत नाही. नुसतं हसून निघून जाता येतं.

घोड्याच्या गाण्यात ते वाढणं आहे. हॅननला युरोव्हिजनचं गाणं कसं बांधतात हे आतून माहीत आहे, त्याशिवाय ती चाल सुचणं शक्य नाही. गोष्टीतसुद्धा चाल हरवते तेव्हाच सगळं कोसळतं. एका सुरातल्या गाण्याला लोक हसत नाहीत, सुन्न होतात.

हे मला स्वतःच्या हातानंही कळलं. काही वर्षांपूर्वी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आम्ही युरोव्हिजनवर एक प्रहसन बसवलं. देशांऐवजी महाराष्ट्रातले जिल्हे, प्रत्येकाचं एक गाणं, आणि मतांच्या वेळी “नमस्कार, नागपूरहून बोलतेय, रात्र फार सुंदर आहे” असे फोन. वर्धेनं नागपूरला बारा द्यायचे, नागपूरनं वर्धेला, असं ठरलं. रत्नागिरीचं गाणं होतं मुक्कामी एसटीवर: रात्री उशिरा गावात येणारी, पारापाशी झोपणारी आणि पहाटे सगळ्यांच्या आधी उठणारी लाल गाडी. पहिल्या तालमीत आम्ही ते मुद्दाम बेसूर म्हटलं, अंगविक्षेप केले, आणि समोर बसलेल्या चार माणसांपैकी एकही हसलं नाही. आमच्या पेटीवाल्यांना वाईट वाटलं. ते सांगलीचे, नाट्यसंगीतावर वाढलेले. म्हणाले, “चाल नीट बांधू द्या मला. हसायचं काम शब्द करतील.” त्यांनी भीमपलासात चाल बांधली, तीन आठवडे आमच्याकडून घोटून घेतली. कार्यक्रमात पहिल्या ओळीला सभागृह हसलं. दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत शांत झालं होतं. पुढच्या रांगेत एक काका रुमाल काढून बसले होते. त्यांनी नंतर सांगितलं, त्यांचे वडील एसटीत कंडक्टर होते. त्या रात्री रत्नागिरीला सगळ्या जिल्ह्यांचे बारा पडले, संहितेत नव्हतं तरी.

थट्टेची टिंगल कशी होते, त्याचंही एक उदाहरण या स्पर्धेच्या इतिहासात आहे, आणि ते सांगताना मला जड जातं, कारण तो माणूस आमच्या घरात फार लाडका होता. टेरी वोगन. मूळचा लिमरिकचा, म्हणजे खालच्या आजींच्या गावचा, पण नाव केलं बीबीसीवर. १९८० पासून २००८ पर्यंत दर वर्षी युरोव्हिजनचं टीव्हीवरचं समालोचन त्याचं. आयर्लंडचं स्वतःचं प्रक्षेपण असायचं, तरी खालच्या आजी बीबीसी लावायच्या, वोगनसाठी. आवाज मखमली, बोलणं कमी. स्टेजवर धुराचे लोट उठत असताना तो एखादंच वाक्य बोलायचा, आणि ब्रिटनमधले लाखो लोक निव्वळ त्या वाक्यांसाठी तीन तास बसून राहायचे. आजही बीबीसीवर नवव्या गाण्याच्या वेळी त्याच्या नावानं ग्लास उंचावतात. त्याच्या जागी आलेल्या ग्रॅहम नॉर्टननं ही प्रथा सुरू केली.

पण २००१ साली कोपनहेगनला दोन डॅनिश निवेदक संपूर्ण कार्यक्रम यमकात बोलले, तेव्हा वोगननं त्यांचं नाव ठेवलं ‘डॉक्टर मृत्यू आणि दातांची परी’. डॅनिश लोक दुखावले. खालच्या आजींनी मला हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “तो पाहुणा होता तिथे.” पुढे पुढे, पूर्व युरोपातले देश आले, शेजारी शेजाऱ्याला मतं देऊ लागले, तसा त्याच्या बोलण्यात एक थकवा आला, मग राग आला, आणि २००८ नंतर त्यानं ते काम सोडलं. मी २००६ ते २००८ अशी त्याची शेवटची तीनच वर्षं पाहिली. त्याचं प्रेम आटलं होतं असं मला वाटत नाही. पण ज्या देशांची गाणी आपल्याला परकी वाटतात त्यांच्याबद्दल आपण चटकन टिंगलीवर उतरतो, आणि पश्चिम युरोपच्या हसण्यात ही खोट बराच काळ होती. मोल्दोव्हाच्या, युक्रेनच्या स्टेजवर जे चाललं होतं ते त्या लोकांना स्वतःला पुरतं ठाऊक होतं. हसवणारे तेच होते.

हे मला कुणी दाखवलं, तर माझ्या बाबांनी.

२००७ च्या मे महिन्यात लेकीच्या जन्मासाठी आई-बाबा इथे आले होते. स्पर्धा हेलसिंकीला. युक्रेनकडून वेर्का सेर्दुच्का आली: डोक्यावर मोठा चकाकता तारा, अंगभर चंदेरी पोशाख, भरदार छाती, गोल गाल, आणि तोंडात चार भाषांची खिचडी. आंद्री दानिल्को या नटानं निर्माण केलेलं हे पात्र. पुरुषानं केलेली मध्यमवयीन बाई, मूळची रेल्वेच्या डब्यातली कंडक्टर. खालच्या आजी जोरजोरात हसत होत्या, आई जरा गोंधळली होती. बाबा खुर्चीत पुढे सरकले आणि म्हणाले, “अगं, ही तर मावशी!” आमचं गाव साताऱ्याकडचं. बाबांनी लहानपणी जत्रेत तमाशे पाहिले होते. गण झाला की गवळण, आणि गवळणीत पुरुषानं केलेली मावशी खुद्द कृष्णालाच आडवी जाते, त्याचं दूध-लोणी काढते, त्याला बोल लावते. आत्ताच ज्या देवाच्या घराण्याला गणात नमस्कार केला, त्याचीच ही थट्टा, आणि समोर बसलेल्या भाविकांना त्यात काही वावगं वाटत नाही. बाबांनी हे सगळं खालच्या आजींना मोडक्या इंग्रजीत समजावलं. त्यांनी ते लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, “मग त्या मावशीला बारा मिळतात का?” वेर्का त्या रात्री दुसरी आली. आमच्या टेबलावर चार कागदांवर बारा होते.

पाच वर्षांनी आई एकटीच आली होती. २०१२, बाकू. रशियाकडून उद्मुर्तियामधल्या बुरानोवो या खेड्यातल्या आज्या आल्या. लाल पोशाख, कपाळावर नाण्यांचे दागिने, पायांत विणलेले जाड मोजे-चपला. स्टेजवर चक्क फिरती भट्टी, तिच्यात काहीतरी भाजलेलं. गाणं बरंचसं उद्मुर्त भाषेत, घरात पोरं जमणार म्हणून चाललेल्या तयारीचं. गावातलं पाडलं गेलेलं चर्च पुन्हा बांधायला पैसे हवेत, म्हणून त्या गात होत्या. अनेक ठिकाणी त्यांच्याकडे गंमत म्हणून पाहिलं गेलं. आई मात्र गप्प होती. तिची आजी जात्यावर ओव्या म्हणायची, ते आईच्या कानांत अजून आहे. गाणं संपल्यावर ती म्हणाली, “यांच्यातली ती सगळ्यात बुटकी आहे ना, तिचा सूर पक्का आहे.” आणि बारा लिहिले. त्या दुसऱ्या आल्या; जिंकली स्वीडनची लोरीन. आईला ते अजून पटलेलं नाही.

२०१६ च्या मे महिन्यात स्टॉकहोमला जे झालं, ते माझ्या मते या सगळ्या थट्टेचं शिखर. मतमोजणीच्या आधी वेळ भरून काढायला यजमान देश काहीतरी सादर करतो. डब्लिनला १९९४ मध्ये याच वेळात सात मिनिटांचं ‘रिव्हरडान्स’ झालं आणि आयरिश नाच जगभर गेला, इतकी ती वेळ मोलाची. स्वीडननं त्या वेळात स्वतःच्या स्पर्धेची साठ वर्षं उलगडून बसायचं ठरवलं. निवेदक दोन, विनोदी अभिनेत्री पेत्रा मेदे आणि आदल्या वर्षीचा विजेता मॉन्स सेल्मर्लोव्ह. ते दोघं प्रेक्षकांना शिकवू लागतात, युरोव्हिजन जिंकणारं गाणं कसं बनवायचं. आधी लक्ष वेधा, रणशिंग वगैरे फुंका. मग ढोल हवेत, आणि ते बडवायला उघडाबंब माणूस. नाहीतर एखादी आजी. कुणी कधी न ऐकलेलं एखादं लोकवाद्य आणा. व्हायोलिन तर हवंच. आणि मग सगळे धडे एका गाण्यात कोंबून ते स्वतः गायला लागतात: जळता पियानो, माणसाएवढं उंदराचं चाक आणि त्यात धावणारा माणूस, भट्टीवाली आजी, लोणी काढणाऱ्या पोरी. २००९ चा विजेता नॉर्वेचा अलेक्झांडर रिबाक व्हायोलिन घेऊन स्वतः धावत येतो. आमचे लॉर्डीही येतात, मुखवट्यांसकट.

त्यातला एकेक तुकडा माझ्या खणातल्या कागदांवर आहे. पियानो २०१५ चा, ऑस्ट्रियाचा. चाक २०१४ चं, युक्रेनचं. लोण्याच्या पोरी त्याच वर्षीच्या, पोलंडच्या. हसताना मी बोट दाखवून सांगत होते, हे अमुक वर्षीचं, तमुक देशाचं, आणि नऊ वर्षांची लेक दर वेळी ओरडत होती, “आपल्याकडे आहे! आपल्याकडे आहे!” कुणाचीही नक्कल वाईट केलेली नाही. उलट प्रत्येकाला पुन्हा एकदा स्टेज दिलं, त्याच झगमगाटात, खऱ्या वाद्यमेळात, घरच्या देवघरात जुन्या मूर्ती पुसून पुन्हा मांडाव्यात तसं. आणि गाणं पुन्हा तेच: धरून ठेवणारं, नीट बांधलेलं. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना लेक ते गुणगुणत होती.

त्यातला एक धडा मात्र मला विसरता येत नाही. विषय कोणता घ्यावा, तर प्रेम आणि शांती, असं ते दोघं सांगतात. आब्बानं युद्धाच्या नावाचं गाणं घेऊन स्पर्धा जिंकली होती खरी, पण आम्ही काही ते सुचवणार नाही, असं पुढे जोडतात. सभागृह हसतं. तासाभरानं निकाल लागला. जिंकली युक्रेनची जमाला, आणि तिचं गाणं होतं १९४४ सालावर, स्टालिनच्या हुकमानं क्रिमियातल्या तातारांना घराबाहेर काढून गाड्यांत कोंबलं त्यावर. तिची पणजी त्या गाड्यांत होती. ध्रुवपद क्रिमियन तातार भाषेत. खालच्या आजींनी तोवर टीव्हीवर चाललेल्या जल्लोषाचा आवाज कमी केला होता. हिशेब त्यांच्याही डोक्यात झाला असावा. चारच दिवसांनी १८ मे होता, त्या हद्दपारीचा दिवस. एकाच रात्री, एकाच स्टेजवर, थोड्या अंतरानं ती थट्टा आणि हे गाणं, आणि एकानं दुसऱ्याला लहान केलं नाही. थट्टेत खोटेपणा असता तर जमालाचं गाणं तिच्यामागून उभं राहू शकलं नसतं, असं मला त्या रात्री वाटलं आणि अजून वाटतं.

खालच्या आजी आता गॉलवेला, लेकीकडे असतात. आम्हीही घर बदललं. पण दर मे महिन्यात शनिवारी रात्री फोन कानाला लावून आम्ही एकमेकींना गुण सांगतो, आणि पुढच्या आठवड्यात त्यांचा कागद टपालानं येतो. हल्ली अक्षर कापरं झालंय.

या वर्षी तसा कागद येणार नाही. डिसेंबर २०२५ मध्ये आयर्लंडच्या दूरचित्रवाणीनं जाहीर केलं, की गाझामधली प्रचंड जीवितहानी पाहता इस्रायलच्या सहभागासह होणाऱ्या २०२६ च्या स्पर्धेत आपण भाग घेणार नाही आणि ती दाखवणारही नाही. स्पेन, नेदरलँड्स आणि स्लोव्हेनियानंही माघार घेतली. मला हा निर्णय पटला, आणि त्याच दिवशी खणातली चळत काढून मी बराच वेळ बसले होते. आजींना फोन केला. त्यांनाही पटला होता. थोडा वेळ दोघी गप्प राहिलो. मग त्या म्हणाल्या, “आपल्याकडे घोडा आहे ना.”

तर असं ठरलंय. मे महिन्यातल्या त्या शनिवारी, नेहमीच्या वेळेला, त्या गॉलवेत आणि आम्ही इथे, फोन चालू ठेवून ‘फादर टेड’चा तो भाग एकाच क्षणी सुरू करायचा. लेक कॉलेजातून येणार आहे. मी कागद आखून ठेवलाय, पेन्सिलींना टोक काढलंय. कागदावर या वेळी एकच ओळ आहे. मी नावं लिहीत होते तोवर लेकीनं उजव्या रकान्यात बारा लिहूनसुद्धा टाकले, आणि मी ते फोनवर आजींना सांगितलं.

“नाही, नाही,” त्या म्हणाल्या, “सांग तिला. आपल्या देशाला मत देता येत नाही.”